शक्यतो

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायाशी, लघुलेखकांचं टेबल होतं. त्या टेबलाशी बसणाऱ्यांना सगळे सभासद ओळखत, पण त्यांच्याकडे पाहत कोणीच नसे. दर दहा मिनिटांनी एक जण पावलांचा आवाज न करता येई, आधीच्याच्या शेजारी बसे, एखादं वाक्य दोघं मिळून लिहीत आणि मग आधीचा उठून आतल्या खोलीत टंकायला निघून जाई. आपले शब्द टिपणारा हात बदलला, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसे.

एकाला मात्र ते हटकून कळे. तो बांधकाम मंत्री होता. इतरांच्या पाळीत तो तोलूनमापून बोले, अल्पविरामसुद्धा जागच्या जागी पडावा असा. पण लघुलेखकांतली ती एकटी बाई येऊन बसली की त्याची जीभ मोकळी सुटे. वाक्यं लांबत, वेग वाढे, एका श्वासात तीन उपमा येत. आतल्या खोलीत सोबतचे लघुलेखक तिला म्हणत, "बाई, हा घोडा नेमका तुमच्याच पाळीला कसा उधळतो हो?"

"मला सवय आहे," ती म्हणे. अकरा वर्षांत यापलीकडे तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं.

सवय होती हे खरंच होतं. तिच्या हाताचा वेग त्याच्याच आवाजावर घडला होता.

कालव्यापलीकडच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत, एक मास्तर संध्याकाळी लघुलेखनाचा वर्ग चालवीत. ती टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. अंगाने काडी, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून गल्लीने तिचं नावच पेन्सिल ठेवलेलं. तो समोरच्या शिंप्याचा मुलगा. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा, म्हणून कायद्याचं पुस्तक हातात धरायच्या आधीपासून त्याला सगळे वकील म्हणत. दोघांनी एकाच दिवशी वर्गात नाव घातलं.

तिच्या रेघा पहिल्या महिन्यातच सुरेख यायला लागल्या. त्याच्या रेघा म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून गेल्यासारख्या. मास्तर त्याची वही लांब धरत आणि म्हणत, "हे तुला तरी वाचता येतं का रे?" येत नसे. पण मजकूर सांगायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. वर्ग सुटल्यावर तिला सराव हवा असायचा, म्हणून तो मागे थांबे आणि रद्दीच्या वर्तमानपत्रांतली जुनी भाषणं मोठ्याने वाचून दाखवी. मिनिटाला साठ शब्द, मग ऐंशी, मग शंभर. रद्दी संपली तेव्हा तो मनाने भाषणं रचू लागला. गल्लीतल्या नळाला पाणी का येत नाही यावर त्याने एकदा अर्धा तास भाषण दिलं, समोर श्रोता ती एकटी. तिने शब्दन् शब्द लिहून त्याला परत वाचून दाखवलं.

"हे मी बोललो?" त्याने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तूच बोललास. मी काही पदरचं घालत नाही."

त्या दिवसापासून त्याने स्वतः रेघा काढणं सोडून दिलं. "पेन्सिल," तो जिना उतरताना म्हणाला, "दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढणं माझ्याच्याने होणार नाही. मला असं बोलायचंय की लोकांनी ते लिहून ठेवावं." ती हसली. मग त्याने तिचा हात धरला, आणि जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या दोघांनी फार सावकाश उतरल्या.

तीन वर्षं तसंच चाललं. तो कायदा शिकला, कामगारांचे खटले लढला, सभांतून बोलायला लागला. सभांना गर्दी होऊ लागली. पक्षाचे एक म्हातारे पुढारी होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी त्याला हेरलं. आणि एका दुपारी कालव्याच्या पुलावर त्याने तिला गाठलं.

"तात्यांनी उमेदवारी देऊ केलीये."

"मग तोंड असं का केलंयस? सुतक असल्यासारखं?"

"उमेदवारीबरोबर त्यांची पुतणीही आहे."

पुलाखालून लाकडांची होडी चालली होती. ती पार पलीकडे जाईपर्यंत तिने पाहिली. मग तिने विचारलं, "आधी कोणतं सांगितलं त्यांनी? उमेदवारी की पुतणी?"

"एकाच वाक्यात सांगितलं."

"मग तूही एकाच वाक्यात सांग."

त्याला ते जमलं नाही. ज्याला गल्लीतल्या नळावर अर्धा तास बोलता येत होतं, तो कठड्यावर नख घासत उभा राहिला. शेवटी तिनेच त्याची सुटका केली. "जा," ती म्हणाली. "मी रडणारबिडणार नाही. निदान इथे नाही."

घरी मावशी होती. आई गेल्यापासून तिनेच हिला वाढवलं होतं. मावशीने काही विचारलं नाही, चहा टाकला आणि म्हणाली, "परीक्षा कधी आहे तुझी ती सरकारी?" तिने डोळे पुसले आणि परीक्षेची तारीख सांगितली.

सभागृहाच्या टेबलाशी बसणारी ती पहिली बाई. नेमणूक झाली तेव्हा मिनिटाला एकशे साठ शब्द लिहीत होती, आणि तिच्या टिपणात कधी कोणाला खोट सापडली नाही. तिलाही महत्त्वाकांक्षा होती, फक्त ती तिने कधी मोठ्याने सांगितली नाही. लघुलेखकांचे मुख्य, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती. ती त्या खुर्चीकडे पाहत नसे, पण तिथून काय काय दिसत असेल हे तिला पाठ होतं.

मग तो निवडून आला. शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा नेमकी तिची पाळी होती. त्याने मजकुरावरून नजर उचलली, टेबलाकडे पाहिलं आणि शपथेतला एक शब्द अडखळला. तिने तो अडखळण्यासकट लिहिला आणि टंकताना सरळ केला, जसा कोणाचाही केला असता. त्यानंतर व्हरांड्यात समोरासमोर आले तर "नमस्कार", "नमस्कार". एवढंच. त्याला मंत्रिपद मिळालं त्या सकाळी मावशी वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाली, "तुझा तो मंत्री झाला."

"माझा कुठला?"

"बरं, कोणाचा का असेना. झाला."

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, तात्यांची ती पुतणी, आजारपणात गेली. तेव्हा सभागृहाने शोकप्रस्ताव मांडला आणि तोही तिनेच लिहिला. वहीवर पेन्सिल दाबून धरली होती तिने, टोक मोडलं. दुसरी पेन्सिल घेईपर्यंत मनात जे येऊन गेलं, त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

आणि मग रस्त्याचा विषय निघाला. शहराच्या मधून रुंद रस्ता काढायचा आणि त्यासाठी कालव्यापलीकडची वस्ती उठवायची, असा तो प्रस्ताव होता. खातं त्याचंच, म्हणून मांडलाही त्यानेच. आकडे, नकाशे, वाहनांची संख्या, सगळं सावकाश, तोलूनमापून. दहा मिनिटं झाली. ती येऊन टेबलाशी बसली. विरोधी बाकावरून एक जाडजूड सभासद उठला आणि म्हणाला, "मंत्रिमहोदयांनी ती गल्ली नकाशावरच पाहिलेली दिसते!"

सगळे हसले. त्याने हातातली फाइल खाली ठेवली.

"माझ्या बापाने त्या गल्लीत चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं," तो म्हणाला. "तिथली प्रत्येक पायरी मला माहीत आहे. मी या सभागृहाला शब्द देतो, त्या गल्लीतलं एकही घर पाडलं जाणार नाही, आणि पाडलं गेलं तर मी या जागेवर राहणार नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आतच सभागृह शुद्धीवर राहिलं नाही. दोन्हीकडचे बाक बडवले जात होते, अध्यक्ष घंटा वाजवत होते, वरच्या सज्जातले वार्ताहर एकमेकांना "काय म्हणाला? काय म्हणाला?" विचारत होते. त्या काळी सभागृहात ध्वनिमुद्रण नव्हतं. त्या गदारोळात वाक्याचा शेवट अख्खा ऐकला तो तिनेच. लघुलेखकाने लिहिताना मान वर करायची नसते. तिने केली. तो विरोधकांकडे पाहतच नव्हता, टेबलाकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टंकलेला मसुदा त्याच्या कचेरीतून परत आला. सभासदाला भाषेच्या चुका सुधारायची मुभा असे. आशय बदलत असेल तर मात्र लघुलेखकाने टिपणाशी ताडून पाहायचं आणि सही करायची, ती सही शेवटची. मसुद्यात दोनच दुरुस्त्या होत्या. 'एकही घर'च्या आधी बारीक अक्षरात 'शक्यतो' घातला होता. आणि 'पाडलं गेलं तर'पासून पुढे एक हलकी रेघ मारली होती, जणू धूळ झटकावी तशी.

ती पान हातात धरून बसली होती तेवढ्यात तो स्वतःच आला. आतल्या खोलीत मंत्री कधी येत नसत. टंकणारे दोघे खुर्च्या मागे सारून उठले आणि हां-हूं करत बाहेर गेले.

"बसा," ती म्हणाली.

"'बसा' काय म्हणतेस," तो म्हणाला. "दार बंद आहे."

"बस मग."

तो टाइपरायटरच्या टेबलाला टेकून उभाच राहिला. केस कानांपाशी पांढरे झाले होते. इतक्या जवळून तिने ते पहिल्यांदाच पाहिले.

"रस्ता होणार," तो म्हणाला. "तो ठरलाय. मी प्रस्ताव मांडायच्या आधीच ठरला होता. ते वाक्य छापून आलं तर मी गेलो. कोणालाच नीट ऐकू गेलेलं नाही, मी चौकशी केलीये."

"मला गेलंय."

"म्हणूनच आलोय." तो पुढे म्हणाला, "मोठे साहेब तीन महिन्यांत निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी तुझ्याइतकं लायक कोणी नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बोलायला कोणी नव्हतं एवढंच. ते मी बोलेन."

"हे लाच म्हणून सांगतोयस?"

"नाही गं. म्हणजे... आता ते तसंच ऐकू येतंय, मलाही. पण वर्षभर माझ्या मनात होतं. तेही आणि दुसरंही."

"दुसरं काय?"

तो पुन्हा पुलावरचा शिंप्याचा मुलगा झाला. टाइपरायटरच्या कळीवर नख घासू लागला. "घरी गेल्यावर बोलायला कोणी नसतं," तो म्हणाला. "भाषण लिहून काढतो तेव्हा मनात तूच समोर बसलेली असतेस. गेली अकरा वर्षं. तुला वाटतं मला कळत नाही तुझी पाळी कधी येते ते? मी घड्याळ लावून बसतो."

इतकी वर्षं ती याच वाक्याची वाट पाहत होती, आणि ते यावं तर असं, हातात हा कागद असताना. तिने टिपणवही उघडली. 'शक्यतो'ची खूण एवढीशी असते, एक आकडी आणि एक टिंब. ती रेघांच्या मधे घातली असती तर जगात कोणाला कळलं नसतं. तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली. टोक कागदाला लावलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हे वाक्य बोललास का? तुझ्या कागदात नव्हतं."

"तू बसलेली होतीस," तो म्हणाला. "क्षणभर मला वाटलं आपण त्या चपलांच्या दुकानावर आहोत. विसरलोच मी कुठे उभा आहे ते."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"पुलावर तुला एक वाक्य सांगता आलं नाही," ती म्हणाली. "सभागृहात मी तुझी हजारो वाक्यं लिहिली. सगळी बरोबर, सगळी घोटीव. त्यांत माझ्याकडे बघून, मनापासून, एवढं एकच बोललास. आणि तेच मी खोडू? माझ्या हाताने?"

"मी संपेन."

"माहीत आहे मला."

"आणि आपलं?"

"तेही माहीत आहे." तिने टिपणवही मिटली. "तू मला नुसतं बोलावलं असतंस ना, कागदाशिवाय, तर मी अनवाणी आले असते रे."

तो निघून गेला. दार त्याने हळूच लावून घेतलं. थोड्या वेळाने मोठे साहेब आले. "बाई, मंत्री स्वतः आले होते म्हणे."

"हो."

"काही सांगायचंय?"

तिने टिपणवही पुढे केली. मोठ्या साहेबांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "तुमच्या या रेघा मला मेल्याला वाचता येत नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही सही कराल ते खरं." तिने दोन्ही दुरुस्त्या नाकारल्या आणि सही केली. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि पुढच्या पाळीला वेळेवर टेबलाशी जाऊन बसली.

आठवड्याभरात इतिवृत्त छापून आलं आणि विरोधकांनी ते वाक्य सभागृहात तीनदा वाचून दाखवलं. त्याने ते नाकारलं नाही. 'लघुलेखिकेच्या ऐकण्यात चूक झाली' असं म्हण, म्हणून पक्षातल्या लोकांनी त्याला गळ घातली. तिच्या कानावर हे आलं तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "लिहिलंय तेच मी बोललो." तीन आठवड्यांनी गल्लीच्या पूर्वेकडची घरं पाडायचा हुकूम निघाला, आणि त्याच दिवशी त्याचा राजीनामा आला. राजीनाम्यावर शहरात एवढा गवगवा झाला की रस्ता थोडा सरकवावा लागला. पश्चिमेकडची ओळ वाचली. मास्तरांची खोली वाचली. शिंप्याचं दुकान गेलं.

मोठ्या साहेबांची खुर्ची तिच्यापेक्षा सात वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली. मावशीला राग आवरेना. "एवढं इमान राखून काय मिळालं तुला?"

"झोप लागते," ती म्हणाली. ते खरं नव्हतं.

त्याने सरकारी बंगला सोडला हे तिला वर्तमानपत्रातून कळलं. तो लांबच्या एका छोट्या गावी, विधवा बहिणीच्या घरी राहायला गेला होता. तिने दोन महिने वाट पाहिली. पत्र आलं नाही. मग अधिवेशन संपलं, आणि एके सकाळी मावशीने तिची बॅग दारात आणून ठेवली. "आता कागदबिगद काही नाही मधे," मावशी म्हणाली. "अनवाणी जाऊ नकोस म्हणजे झालं. ऊन फार आहे."

तिने डोळे मोठे केले. "तुला कोणी सांगितलं?"

"तू झोपेत बोलतेस."

बहिणीचं घर साधं होतं, पुढे ओसरी, मागे पेरूचं झाड. तो ओसरीवर अशिलांचे कागद पाहत बसला होता. तिला फाटकात पाहून उठला, आणि उठताना मांडीवरचे सगळे कागद खाली सांडले. ते दोघांनी मिळून गोळा केले. बराच वेळ दोघंही कागदच गोळा करत राहिले.

"मला वाटलं तू रागावलायस," ती म्हणाली.

"रागावलो होतो. महिनाभर. मग लक्षात आलं, की इतक्या वर्षांत खोटा पडायची भीती मला फक्त तुझ्यापुढे वाटली. बाकी कोणापुढे कधी वाटलीच नाही."

ती आठ दिवस राहिली. त्याची बहीण तिला ताई म्हणायला लागली. लग्नाचं त्यानेच काढलं. ती म्हणाली, नोकरी सोडणार नाही, ते टेबल मी मिळवलंय. पेन्शन मिळायला नऊ वर्षं होती. "मोजू की," तो म्हणाला. त्यानंतर दर अधिवेशन संपलं की ती आठ दिवस जाई. बाकीचं वर्ष पत्रांवर. त्याचं अक्षर अजून मुंगीसारखंच होतं, पण तिला ते अख्खं वाचता येई. आणि प्रत्येक वेळी परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून पुढच्या अधिवेशनाचा हिशेब करत बसे.

तिसऱ्या वर्षी ती गेली तेव्हा ओसरीवर माणसं बसलेली होती. सभागृहातली त्या भागाची जागा रिकामी झाली होती. राजीनामा देणारा मंत्री म्हणून लोक त्याला विसरले नव्हते. माणसं गेल्यावर तो तिच्यासमोर येऊन बसला. हातात त्यांनी आणलेला उमेदवारीचा अर्ज होता.

"उभा राहू का?" त्याने विचारलं.

पुलावर त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आज ती नाही म्हणाली असती तर त्याने अर्ज फाडला असता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि हो म्हटलं तर काय होणार हेही. सभासदाशी घरोबा ठेवायला लघुलेखकांना बंदी होती. ही ओसरी, हे आठ दिवस, पत्रंसुद्धा, सगळं थांबणार होतं. तो रोज डोळ्यांसमोर असणार होता, आणि "नमस्कार", "नमस्कार".

"तुला हवंय का?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं, पण तो बोलला नाही. "फार," तो म्हणाला. "या अशिलांसमोर बोलतो ना, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटतो."

तिने मागच्या पेरूच्या झाडाकडे पाहिलं. ज्या आवाजामागे ती इतकी वर्षं धावत आली, तो इथे ओसरीवर कोंडून ठेवून तिला काय मिळणार होतं?

"राहा उभा," ती म्हणाली.

"आणि आपलं?"

"सहा वर्षं उरलीत. जातील." ती हसली. "तू हरलास तर अजून लवकर."

तो हरला नाही. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी तिची पाळी नुकतीच संपली होती. ती आतल्या खोलीत येऊन टंकायला बसली आणि भिंतीपलीकडे तो बोलायला उभा राहिला. भिंत जाड होती. शब्द एकही कळत नव्हता, नुसता आवाज चढत होता आणि उतरत होता. तिचे हात कळांवरच थांबले. बाकीचे टाइपरायटर खडखडत होते.

म्हातारा शिपाई कागद न्यायला आला होता, तो तिच्यापाशी थबकला. "बाई, बरं वाटत नाहीये का?"

"बरंय," ती म्हणाली. "जाताना दार जरा उघडं राहू द्या."